ट्राय करणारं जंगल

एका जंगलात, बाळांनो, 'नाही' म्हणायची पद्धतच नव्हती. नाही म्हणणं म्हणजे उद्धटपणा. त्याऐवजी सगळे 'ट्राय करतो' म्हणत. शब्द साहेबाचा, त्यामुळे ऐकणाऱ्यालाही बरं वाटायचं. हसताय काय रे? तुमच्या घरी दुसरं काय चालतं?

तर एक दिवस चंद्री भेकरीचं पाडस खड्ड्यात पडलं. राजाच्या वाढदिवसाला झाड लावायचं म्हणून हा खड्डा खणला होता. झाड काही आलं नाही. पाडस आत ओरडत होतं, आणि अंधार पडला की तिथे बिबट्या फिरकायचा.

चंद्री धावत गव्याकडे गेली. "दादा, चला हो, माझं लेकरू वर काढा!"

"अगं, नक्की ट्राय करतो," गवा म्हणाला आणि चरू लागला. म्हणजे येणार नाही.

माकड म्हणालं, "बघतो, ट्राय करतो." म्हणजे विसरलो.

कोल्हा निदान खड्ड्यापर्यंत आला. आत डोकावला. "आम्ही खूप ट्राय केलं, वहिनी," म्हणाला आणि गेला. म्हणजे पुन्हा विचारू नका.

चंद्री भाबडी. तिघांची वाट बघत बसली. ऊन उतरलं, तशी घाबरून साळिंदराच्या बिळाशी गेली आणि झालेलं सगळं सांगितलं.

"मी येणार नाही!" साळिंदर आतूनच खेकसलं. "मला ओढता येत नाही. आणि ते तिघंही येत नाहीत. वाट कसली बघतेस, बये? काठाची माती आत लोट!"

चंद्रीला मेल्याचा असा राग आला! पण आता वाट बघण्यात अर्थच उरला नव्हता. रागारागाने तिने खुरांनी काठ ढासळवला. माती आत पडत गेली, पाडस मातीवर चढत गेलं, आणि दिवस बुडायच्या आत आईला येऊन बिलगलं. चंद्री ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर सत्कार झाला. गवा, माकड आणि कोल्हा यांना बचावकार्याबद्दल शाल आणि नारळ. साळिंदराला, एका आईला तोंडावर नाही म्हटल्याबद्दल, पाणी बंद.

तहानलेलं साळिंदर चंद्रीकडे आलं. "बाई, तू तरी राजाला खरं काय ते सांग."

चंद्रीने पाडसाला जवळ ओढलं. तिला याच पाणवठ्यावर रोज यायचं होतं.

"ट्राय करते हं, भाऊजी," ती म्हणाली.

तात्पर्य : बाळांनो, 'नाही' म्हणून कुणाचं मन कधी दुखवू नका. लेकरू काय, त्याची आई काढेल. शाल मात्र आपली आपल्यालाच मिळवावी लागते.