अपवाद म्हणून एक मोहरबंद पत्र

माणूस जन्मतः स्वतंत्र असतो, हा शोध पॅरिसमध्ये जेवणानंतर लागला. रिकाम्या पोटी असले शोध लागत नाहीत.

आन्सेल्म ब्रेव्हो महाशयांच्या दिवाणखान्यात दर गुरुवारी तत्त्वज्ञ मंडळी जमत. गेल्या अकरा गुरुवारांत त्यांनी राजाचे अधिकार नऊ वेळा काढून घेतले होते (दोनदा बदक कच्चं राहिल्यामुळे काम तहकूब झालं). महाशयांचा खास राग राजाच्या मोहरबंद पत्रावर. ना खटला, ना साक्षीपुरावा. राजाची सही झाली की माणूस आत! त्याविरुद्ध त्यांनी एक जळजळीत पुस्तिका लिहिली आणि सरकारचा जाच नको म्हणून पहिल्या पानावर 'ॲम्स्टरडॅम येथे मुद्रित' असं निर्भीडपणे छापलं. छापखाना दोन गल्ल्या सोडून होता.

मुद्रितं तपासायला ते आपली लेक सिदोनी हिला तिथे पाठवत. तिने ती इतकी मन लावून तपासली, की शेवटचं पान येईतो छपाईचे खिळे जुळवणाऱ्या फिर्मँशी लग्नही ठरवून टाकलं.

"अगं, त्याची बोटं तरी बघितलीस का? काळी ठिक्कर!"

"तुमचंच पुस्तक जुळवून झालीत, पपा. 'प्रत्येक माणूस आपल्या मर्जीचा मालक.' पान बारा."

"माणूस म्हटलंय मी! मुलगी कुठे म्हटलंय?"

"मग पुढच्या आवृत्तीत तसं छापा."

गुरुवारी हा प्रश्न मंडळींपुढे आला. सखोल चर्चेअंती एकमताने ठरलं, की राजाने डांबलं तर तो जुलूम, बापाने डांबलं तर ती काळजी. मात्र बापाकडे तुरुंग नसल्याने तेवढ्यापुरती राजाची मदत घ्यायला तत्त्वतः हरकत नाही. महाशयांनी लगेच अर्ज केला, 'कृपाळू महाराजांनी अपवाद म्हणून एक मोहरबंद पत्र द्यावं.' ते आठवड्याच्या आत आलं. (राजवट जुलमी, पण कामाला चोख.)

सिदोनीला जोगिणींच्या मठात डांबायला गाडी दाराशी लागली.

"किती दिवस, पपा?"

"तुझं मत बदलेपर्यंत, बाळ. बळजबरी अजिबात नाही."

"नाहीच बदललं तर?"

महाशयांचे डोळे भरून आले. खरंच आले, शेवटी बापच तो. गाडी वळणाआड जाईपर्यंत ते रुमाल हलवत राहिले, मग आत येऊन त्यांनी स्वातंत्र्यावरचं पुढचं प्रकरण लिहायला घेतलं. ते फार सुंदर उतरलं, असं सगळेच म्हणतात.

वाचकहो, महाशयांना खुशाल हसा. आपल्याकडे या कामासाठी राजाच्या सहीचीही गरज पडत नाही. फक्त जरा हळू हसा. तुमची लेक, आज तुमची मर्जी बरी आहे का याचा अंदाज घेत, केव्हाची दाराआड उभी आहे.