पीए काटकर बोलतोय

काटकर नावाचा पीए महाउर्मट आहे, असं आमच्या मतदारसंघात कुणालाही विचारा, तो सांगेल. "साहेब देवमाणूस हो, पण तो काटकर!" एवढं बोलून लोक उरलेलं वाक्य चहाबरोबर गिळतात. तो काटकर मी. आणि ज्या फोनवर मी एवढा उर्मटपणा करतो, तो फोन मी कधी उचललेलाही नाही. तो आमचे आमदार मल्लूअण्णा स्वतः उचलतात आणि घसा साफ करून सांगतात, "पीए काटकर बोलतोय. साहेब मीटिंगमध्ये हायेत."

कारण साधं आहे. अण्णांना 'नाही' म्हणता येत नाही. 'हो' मात्र चार भाषांत येतं. खेड्यावरच्या माणसाला 'व्हय', अक्कलकोटकडच्या पाहुण्याला 'हौदु', सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकराला 'अवुनु' आणि बाजारातल्या बागवानाला 'हौ'. त्यांच्या वडिलांचं दुधनीला भुसार दुकान होतं. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, माल नसला तर 'उद्या येतोय' म्हणायचं, ही त्यांची शिकवण. अण्णा दहाव्या वर्षापासून दुकानात बसून 'उद्या येतोय' म्हणत होते. राजकारणात आल्यावर त्यांना वेगळं असं काही शिकावं लागलं नाही.

पहिलं वर्षभर ते फोनवर खरं नाव सांगायचे. मग एके दिवशी तीन मास्तर पेढे घेऊन एकाच वेळी कार्यालयात आले. तिघांनाही एकाच शाळेतल्या एकाच जागेवर बदलीचा शब्द मिळाला होता. तिघांनी एकमेकांचे पेढे पाहिले आणि पुढचा अर्धा तास मी मध्ये पडून काढला. दुसऱ्या दिवसापासून अण्णा फोनवर काटकर झाले.

काटकर झाल्यावर अण्णांना जो काही जोर चढतो, तो पाहण्यासारखा असतो. खुर्चीत मांडी घालून, बनियनवर बसून ते गरजतात, "जमणार न्हाय! साहेबांनी सांगितलं तरी मी फाईल हलू देणार न्हाय!" पलीकडचा चिडून आमदाराचा उद्धार करू लागला की हे मनापासून साथ देतात. "खरंय तुमचं. आमचा साहेब नुसता फ्लेक्सवर हसतोय." मग फोन ठेवून हलक्या मनानं आंघोळीला जातात.

फळं मला भोगावी लागतात. वैरागला मेहुण्याच्या लग्नात वाढप्यानं माझं नाव ऐकलं आणि जिलबीचं ताट घेऊन तो तसाच पुढं गेला. मी अण्णांना म्हटलं, "माझ्या नावाला काळं फासताय तुम्ही." ते म्हणाले, "काटकर, तुमाला कुटं निवडणूक लढवायचीय?"

अशातच एका दुपारी कोंडाबाईचा फोन आला. माळावरच्या वस्तीवर एकटी राहून शेळ्या राखणारी धनगराची म्हातारी. फाट्यावर एसटी थांबत नाही, अशी तिची तक्रार होती. अण्णांनी सवयीनं ठोकून दिलं, "जमणार न्हाय!" म्हातारी म्हणाली, "बरं बाळा, न्हाय तर न्हाय. तू जेवलास का?"

अण्णांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. चार वाजले होते आणि ते जेवले नव्हते. वहिनी मुलाकडं पुण्याला असतात. अण्णा दिवसाला आठ-दहा लग्नांना जातात, प्रत्येक ठिकाणी ताटाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतात आणि घास न खाता पुढच्या मांडवात जातात. या माणसाला लोक रोज शंभर गोष्टी विचारत होते, पण ही एक मी कुणाला विचारताना ऐकली नव्हती. मीही विचारली नव्हती, हे कबूल करतो.

त्या आठवड्यात अण्णांनी डेपोला स्वतः तीनदा फोन केला, खऱ्या नावानं, आणि बस फाट्यावर थांबू लागली. म्हातारीनं लगेच फोन करून सांगितलं, "तू केलंस बाळा. तुझ्या सायबाला कुटं कळतंय यवढं!" अण्णा म्हणाले, "व्हय आजी, त्यांला काय बी कळत न्हाय."

तेव्हापासून रोज चारच्या सुमाराला फोन ठरलेला. कुठली शेळी व्याली, गुडघा कसा ठणकतो, शेळ्या कोंडायच्या वाघरात साप कसा निघाला. एकदा कलेक्टर कचेरीतल्या बैठकीतून अण्णा फोन कानाला लावून लगबगीनं बाहेर गेले. सगळ्यांना वाटलं, मुंबईहून बोलावणं आलं. बाहेर जाऊन ते पाठीला हळद लावायला सांगत होते, शेळीच्या.

निवडणूक तोंडावर आली आणि एका सोमवारी, भर जनता दरबारात, दारातून आवाज आला, "पीए काटकर कोन हाय हितं?" त्याच एसटीनं म्हातारी सोलापूरला आली होती.

अण्णांनी आवाज ओळखला. तोंड उघडलं तर तीही ओळखणार. भर उन्हाळ्यात त्यांनी उपरणं घशाभोवती आवळलं, गळ्याकडं बोट दाखवून आवाज बसल्याची खूण केली आणि दुसरं बोट माझ्याकडं केलं.

"मीच आजी," मी पुटपुटलो.

"तुजा बी घसा बसला का रं? फोनवर कसा खणखणीत असतुस." तिनं माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मग फडकं सोडून कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्या हातात दिली. दुसऱ्याच्या ताटातलं उचलावं तशी मला लाज वाटली. टेबलापलीकडून अण्णा त्या फडक्याकडं बघत होते.

म्हातारी त्यांच्याकडं वळली. "सायब, औंदा म्या तुमाला मत देनार न्हवते. पर तुमी पडलासा तर ह्या लेकराची नोकरी जायाची. म्हून देनार हाय. ह्याच्यासाटी, तुमच्यासाटी न्हाय. आनि ह्याला येळंवर जेवाय सोडत जावा की."

माईक मिळाला की दोन तास न थांबणारा माणूस नुसती मान हलवत राहिला. मग उठून त्यानं तिला हात जोडले. फ्लेक्सवर जोडतात तसे नव्हते ते.

ती गेल्यावर मी म्हटलं, "अण्णा, अजून फाटकापाशी असेल. सांगून टाका खरं."

"आनि मग?" अण्णा म्हणाले. "मी आमदार हाय म्हणून कळलं की उद्यापासनं ती बी अर्ज घिऊन यील. जेवलास का म्हणून इचारंल व्हय मला?"

त्यांनी माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि आतल्या खोलीत गेले. बाहेर चाळीस माणसं ताटकळत होती. मी त्यांना सांगितलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत. अण्णांसाठी खोटं बोलताना पहिल्यांदाच मला वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी चारला फोन वाजला. मी समोरच सह्यांचे कागद घेऊन उभा होतो. म्हातारीचा आवाज एवढा मोठा, की मला सगळं ऐकू येत होतं.

"बाळा, तुजा सायब तसा वाईट न्हाय रं. समदा येळ भाकरीकडं बगत बसला हुता. घरात जेव म्हनाया कुनी न्हाय जनू त्याला. पुडल्या बारीला जादा आनते. दोन त्याला बी दे."

अण्णांनी खुर्ची खिडकीकडं वळवली. मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. पलीकडून म्हातारी "हॅलो, हॅलो" करत राहिली.

"देतो की आजी," शेवटी अण्णा माझ्या नावानं म्हणाले. "सांगतो त्याला, तू दिलीस म्हणून."