सुरक्षित पडण्याचे नियम आणि मागची सीट

माणसाला उभं राहायला शिकवतात, चालायला शिकवतात, पुढे मोठा झाला की दुसऱ्याला पाडायलाही शिकवतात. पण स्वतः पडावं कसं, हे त्याला कोणीच शिकवत नाही. समाजातली ही उणीव भरून काढण्यासाठी एकोणीसशे ब्याऐंशीच्या सुमारास नाशकात, सिडकोतल्या आमच्या वसाहतीत, दुचाकीचालक हितवर्धक मंडळाची स्थापना झाली. मी मंडळाचा चिटणीस.

मंडळाची भूमिका स्वच्छ होती. अंबडच्या कारखान्यांकडे जाणारा रस्ता नीट करणं आपल्या हातात नाही. वळणावर ट्रकमधून सांडलेली वाळू उचलणं हे तर कोणाच्याच हातात नाही (आम्ही सगळीकडे विचारून पाहिलं). पडणं मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. तेव्हा जे होणारच आहे ते निदान पद्धतशीर व्हावं.

अध्यक्ष म्हणून धोंडीराम अण्णांची निवड एकमताने झाली. अण्णा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फोरमन होते आणि जिल्ह्यातल्या बहुतेक महत्त्वाच्या रस्त्यांवर ते पडून आलेले होते. उजवा पाय ओढत ते व्यासपीठावर चढत, तेव्हा त्यांच्या अधिकाराबद्दल कोणाला शंका उरत नसे.

सुरुवातीला मंडळाने एक पाहणी केली. तिच्यात असं आढळलं की पडलेल्या शंभर जणांपैकी नव्वद जण आधी आजूबाजूला बघतात (कोणी पाहिलं का), मग गाडीकडे, मग पँटच्या गुडघ्याकडे. हाडांचा नंबर घरी गेल्यावर लागतो. उरलेले दहा जण पाहणीच्या वेळी बोलण्याच्या स्थितीत नव्हते. हेल्मेटबाबतचे निष्कर्षही समाधानकारक निघाले. ज्यांच्याकडे हेल्मेट होतं त्यांनी ते अतिशय जपून वापरलं होतं. हंगामात त्यात दीड किलो द्राक्षं आरामात बसतात.

रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर वर्ग भरू लागला. भुसा पसरून त्यावर सभासदांना एकेक करून ढकलण्यात येई. नियम असे होते: गाडी घसरली की गाडी सोडून द्यावी. हात पुढे टेकू नयेत, ते छातीशी घ्यावेत. हनुवटी गळ्याशी लावावी. अंग सैल सोडून लोळत जावं. आणि पूर्ण थांबल्याशिवाय उठण्याची घाई करू नये, कारण पुष्कळ लोक पडून वाचतात आणि उठताना मरतात.

बाकी सगळे नियम मंजूर झाले. पहिल्या नियमावर मात्र सभा तापली. गाडी सोडायची म्हणजे काय? कोणाला ती वर्षानुवर्षं नंबर लावून मिळालेली, कोणाला सासऱ्याने दिलेली. हाड मोडलं तर सरकारी दवाखान्यात जुळवून देतात, टाकीचा पोचा कोण काढून देणार? शेवटी दुरुस्ती सुचवण्यात आली आणि नियम असा झाला: गाडी शक्यतो, आणि घरच्यांची हरकत नसल्यास, सोडून द्यावी.

आमचे सभासद जयराम हे सासऱ्याच्या गाडीवाल्यांपैकी. अंबडला फिटर. सासरे सावळीराम सटाण्याकडचे. त्यांनी लग्नात राजदूत मोटारसायकल दिली आणि त्यानंतर प्रत्येक पत्रात आधी गाडीची आणि मग मुलीची खुशाली विचारली. ती मुलगी म्हणजे चंद्रभागा. अंबड गावातल्या बालवाडीत ती शिकवायची आणि रोज जयरामच्या मागे, एका बाजूला पाय सोडून, डबे आणि पिशवी मांडीवर घेऊन जायची. वसाहतीत तिचा हात नवऱ्याच्या खांद्यावर असे. गावाची वेस आली की वडीलधाऱ्या माणसांच्या मर्यादेपोटी ती तो काढून सीटच्या पट्ट्यावर ठेवी. या सुंदर रिवाजामुळे ती पावसाळ्यात एकदा वेशीतच घसरून पडली होती. कंबर महिनाभर दुखत होती. तेव्हापासून तिला त्या गाडीची भीती बसली होती, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

वर्गाच्या वेळी बायका कडुनिंबाखाली नवऱ्यांची हेल्मेटं सांभाळत बसत. एका रविवारी चंद्रभागा उठून उभी राहिली.

"अण्णा, मी मागं बसते," ती म्हणाली. "गाडी घसरली तर मी काय सोडू?"

प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता. तरी अण्णांनी मोठ्या मनाने उत्तर दिलं. मागे बसणारीकडे लायसन नसतं, म्हणून ती पडणारी या व्याख्येत बसत नाही. ती फक्त पडणाऱ्याबरोबर असते. तिने काही सोडायचा प्रश्नच येत नाही. तिने घट्ट धरावं. टाळ्या झाल्या. चंद्रभागा खाली बसली, पण भुशात पुढचा सभासद ढकलला गेला तेव्हा तिने पदरामागे हनुवटी गळ्याशी लावून पाहिली, असं आमच्या घरच्या मंडळींनी नंतर सांगितलं. तिला आपली हाडं जागेवर हवी होती. एवढीच तिची मागणी.

पुढच्याच आठवड्यात पाथर्डी फाट्याच्या अलीकडे राजदूत वाळूवर गेली.

जयराम हे वर्गातले नियमित विद्यार्थी. पण आयत्या वेळी त्यांना पाच नियमांपैकी फक्त सासरे आठवले. त्यांनी हँडल सोडलं नाही. गाडी गेली तिकडे तेही गेले, वाटेत उजवा हात सुटून टेकला, गळ्याखालचं हाड मोडलं, मनगट मोडलं, आणि पोटरीवर सायलेन्सरचा डाग उठला. गाडीच्या एका इंडिकेटरची काच गेली.

चंद्रभागेने खांद्यावरचा हात काढून घेतला. हात छातीशी, हनुवटी गळ्याशी, अंग सैल. ती लोळत कडेच्या गवतात गेली, थांबली, थांबल्याची खात्री केली आणि मग उठली. मंडळाच्या इतिहासात सगळे नियम पाळून पडलेली ही पहिली आणि आजवरची एकमेव व्यक्ती. तिला खरचटलंदेखील नाही. फक्त हातातल्या बांगड्या फुटल्या.

झालं. त्या दिवसाचं सगळ्यात मोठं नुकसान तेच ठरलं. दवाखान्यात सावळीराम धावत आले, त्यांनी जावयाला विचारलं, "गाडी बरी शे ना?" ती बरी असल्याचं कळल्यावर ते मुलीकडे वळले आणि तिच्या मोकळ्या हातांकडे बघत राहिले. जयरामच्या आई विठाबाई यांनी तर तिला माहेरी धाडायचंच ठरवलं, आणि न्यायासाठी प्रकरण मंडळापुढे आणलं.

"सून लय हुशार हाय," विठाबाई सभेत म्हणाल्या. "पडायच्या आधीच नवऱ्याला सोडून मोकळी झाली."

सगळ्यांनी माना हलवल्या. जयराम गळ्यात हात अडकवून जमिनीकडे बघत होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी बायकोला, सोडलंस ते बरं केलंस, असं म्हटलं होतं. पण ते घरातलं बोलणं, सभेत कसं आणायचं?

चंद्रभागा उठली. आवाज चढला नव्हता.

"मी धरून ठेवलं असतं तर आमच्या दोघांचेही हात प्लास्टरमध्ये असते. यांना घास कोण भरवतंय सध्या? यांच्या अंगावर पडून मी यांचं काय वाचवणार होते?"

म्हणणं बिनतोड होतं, म्हणून त्यावर चर्चा न करण्याचं ठरलं. मंडळाने निर्णय दिला तो असा: सौ. चंद्रभागाबाई या नियमानुसार पडल्या हे खरं, पण सभासद नसताना पडल्या, सबब हे पडणं ग्राह्य धरता येत नाही. त्यांना माहेरी पाठवू नये (घरात हात चालणारं माणूस दुसरं नाही). यापुढे मागे बसणारीने पडण्यापूर्वी चालकाची संमती घ्यावी. आणि बिकट प्रसंगी गाडी न सोडल्याबद्दल श्री. जयराम यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्यात यावा.

सत्कार थाटात झाला. जयरामना नारळ धरता येईना, तो चंद्रभागेने धरला. नवीन बांगड्या सासूबाईंनीच भरून आणल्या होत्या. महिनाभराने प्लास्टर निघालं आणि दोघं पुन्हा त्याच गाडीवर, त्याच रस्त्याने जाऊ लागली. वाळू होती तिथेच होती.

वाचणाऱ्यांना आमचं मंडळ हास्यास्पद वाटेल. खुशाल वाटू द्या. चंद्रभागेची बाजू तुम्हाला पटली असेल, विठाबाईंचा रागही आला असेल. तरी उद्या सकाळी गाडीला किक माराल तेव्हा मान जराशी वळवून तुम्ही मागे एवढंच विचाराल, "धरलंस ना घट्ट?" ती हो म्हणेल, आणि तुम्ही निर्धास्तपणे वेग वाढवाल.