मशीन चालवणाऱ्याचं नाव

आमच्या ह्यांची एक खोड मला लग्नापासून सलते. कागद समोर आला की वाचायचा नाही, सही ठोकून मोकळं व्हायचं. मॅट्रिक झालेला माणूस! पेपर घेऊन बसले तर सरकीच्या भावापासून केसांच्या तेलाच्या जाहिरातीपर्यंत एक अक्षर सोडत नाहीत. पण सही करायची म्हटली की डोळ्यांवर झापड येते. मी दुसरीपर्यंत शिकले. तरी पोस्टमनच्या कागदावर बोट फिरवून अक्षर न् अक्षर लावल्याशिवाय नाव घालत नाही. पोस्टमन तोवर ओट्यावर बसून सुपारी कातरतो. कातरू दे.

नवे पैसे निघाले त्या वर्षीची गोष्ट. माझी लेक ललिता पहिल्या बाळंतपणाला अकोल्याला माहेरी आली होती. अमरावतीच्या विहीणबाई, पार्बताबाई, यांना मी आधीच ठणकावून कळवलं होतं, की बारशाला शिंप्याच्या हातची कुंची घालणार नाही, नातवाला आजीनं मशीनवर शिवलेलीच घालीन. घरात मशीन नव्हती, ही गोष्ट वेगळी.

मग हे बाजारात गेले आणि इनायतुल्लांच्या दुकानातून हप्त्यानं पायमशीन घेऊन आले. सोबत एक छापील कागद. वर्षभर मशीन दुकानाचीच, आपल्याला फक्त चालवायचा परवाना. म्हणजे सून आपल्या घरात, पण हुकूम तिच्या माहेरचा! वाचला का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "त्यात काय वाचाचं? मशीन हाय, चालवाची." कागद गेला ट्रंकेत.

मशीनचं स्वागत मी थाटात केलं. नारळ, फुलं, हळदकुंकू. जिथे भोक दिसलं तिथे चिमूटभर वाहिलं. देव नेमका कुठे बसलाय, आपल्याला काय ठाऊक? मशीन खिडकीशी होती, तिथे ऊन छान यायचं, म्हणून तिच्या फळीवर मुगाचे पापडही वाळू लागले. नातू झाला. कुंचीचं कापड कापलं, एक बाजू शिवली, आणि मशीन बसली. चढावर बैल बसतो तशी! चाक पुढे जाईना की मागे येईना. बारसं तोंडावर. आता पार्बताबाई अर्धवट कुंची हातात घेणार आणि गोड आवाजात "असू द्या" म्हणणार. त्यांच्या एका 'असू द्या'नं माणूस वर्षभर धुमसत राहतो.

दुकानातून नबी आला, मशीनी दुरुस्त करणारा. त्यानं झाकण उघडलं, आत काडी घातली, बाहेर काढून उजेडात धरली.

"भाभी, हे तेल होय का लोनचं?"

सगळं खरवडून साफ केल्यावर त्यानं पिशवीतून त्या छापील कागदाची दुकानातली प्रत काढली आणि खणखणीत वाचली. तेलाच्या भोकात हळदकुंकू घालू नये. मशीनवर पापड, कुरड्या, सरकी वाळवू नये. मशीनजवळ सासूसुनांनी भांडू नये, पट्टा तुटतो. मी ह्यांच्याकडे बघत होते, हे छताकडे. आणि सगळ्यांत खाली : कागदात नाव असलेल्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणी मशीन चालवली, तर दुकान ती परत नेईल. चालवणाऱ्याचं नाव म्हणून पुढे लिहिलं होतं ह्यांचंच!

"म्हंजे मशीन बाबूजी चालवतात?" नबीनं विचारलं.

मशीन जाते की काय या भीतीनं हे म्हणाले, "हो, मीच चालवतो," आणि बसले की स्टुलावर! जिनात कापसाच्या गाठी मोजणारा माणूस तो. पाय मारला तर चाक उलटं फिरलं. जोरात मारला तर सुलटं फिरलं, आणि सुई अशी काही धावली की थांबली तेव्हा कुंचीला ह्यांच्या धोतराचं टोक पक्कं शिवलं गेलं होतं. नबीनं मशीनचं डोकं सोडवलं आणि सायकलला बांधून नेलं.

मी कात्री घेऊन ह्यांना कुंचीपासून सोडवत बसले.

"तुमी सोताचं नाव काहून देलं?"

धोतरातले दोरे उपटत हे म्हणाले, "दुकानदारानं इचारलं, चालवनार कोन. चार गिऱ्हाइकं उभी होती. तुयं नाव कसा घेऊ मी?"

लग्न झाल्यावर मी 'ऐकलं का' झाले, लेक झाल्यावर 'ललिताची माय'. शेजारणींची काकू, दिरांची वहिनी. खऱ्या नावानं हाक मारणारी एक माझी आई होती. ती गेली आणि ते नावही कुणाच्या तोंडात राहिलं नाही.

टांगा करून आम्ही दोघं दुकानात गेलो. इनायतुल्ला म्हातारे, पांढऱ्या दाढीचे. त्यांनी मला खुर्ची दिली आणि सांगितलं, की या कागदातलं एकेक कलम एकेका घरानं दिलेलं आहे. पापडाचं एका मास्तरीणबाईंनी, भांडणाचं खुद्द त्यांच्या घरच्यांनी.

"नाव बदलून देतो, बाबूजी. सांगा, चालवनार कोन?"

ह्यांनी दौतीकडे हात नेला. म्हाताऱ्यानं दौत अलगद सरकवली. "न वाचता सही केली म्हनून तं हे झालं. आता लिहाचं नाही, बोलाचं."

"ललिताची माय."

"असं नाव परवान्यावर चालत नाही."

ह्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत जमिनीकडे बघत राहिले. मग अगदी हळू, जणू चोरून काही हातात ठेवावं तसं, ते म्हणाले, "मनकर्णा."

दुकानातली मशीन टकटक करायची थांबली होती, की मलाच ऐकू येईना, कोण जाणे.

इनायतुल्लांनी नाव लिहिलं आणि कागदात नवं कलमही घातलं : चालवणारी बायको असेल, तर नवऱ्यानं दुकानात तिचं नाव तोंडानं सांगावं. अकोल्यातल्या पुढच्या नवऱ्यांनी आम्हांला काय शिव्या दिल्या असतील!

कुंची बारशाला झाली. एका कोपऱ्यात धोतराचा दोरा राहिला, तो पार्बताबाईंना बरोबर दिसला. "असू द्या," त्या म्हणाल्या. मी असू दिलं.

पण ते पुढचं. त्या दिवशी परत येताना मशीनचं डोकं टांग्यात आमच्या दोघांच्या मध्ये होतं. हे माझ्याकडे न बघता घोड्याकडे बघत होते. घर जवळ आलं तेव्हा मी म्हटलं,

"नाव बराबर घेतलं तुमी. पन आवाज लय बारीक होता. घरी गेल्यावर पुन्हा घ्या."