खोलीत एकटी

टकळीने आरशासमोर उभं राहून एकच वाक्य पाठ केलं होतं : "ताई, गणिताचा पेपर हातात आला की माझे हात बधिर होतात." बस्स. जिच्या तोंडाला कधी कुलूप नाही म्हणून वर्गाने जिचं नाव टकळी ठेवलं, तिला हे एवढंसं वाक्य तीन महिने कुणाला सांगता आलं नव्हतं. आईला सांगितलं असतं, तर आईने आधी मोबाइल काढून घेतला असता.

पण आता शाळेतच सोय झाली होती. दर बुधवारी वीस मिनिटं कॉम्प्युटरवर एक समुपदेशक ताई दिसणार आणि मुलांच्या मनातलं ऐकणार. सगळं एकदम गोपनीय. मोठ्या बाईंनी सकाळी माइकवरून तसं सगळ्या शाळेला सांगितलं, आणि पहिला नंबर कुणाचा तेही.

इंटरनेट फक्त खेळाच्या सामानाच्या खोलीत धड चाले. तिथे ओलसर गाद्यांच्या वासात टकळी खुर्चीवर बसली, तर कोपऱ्यात खेळाचे शिट्टीसर.

"सर, तुम्ही इथे?"

"नियम आहे बाळा. कॉम्प्युटरपाशी पोरांना एकटं सोडायचं नाही. मागच्या वर्षी एकाने माउस पळवला. तू बोल बिनधास्त. मी चेंडूत हवा भरतोय."

ताई पडद्यावर आली, हसली. टकळीने श्वास घेतला. "ताई, गणि..."

दार धाडकन उघडलं. "सर!" मोठ्या बाई दारातूनच गरजल्या. "बंद खोलीत मुलीबरोबर एकटे? उद्या पालक आले तर मी काय तोंड दाखवू? एखाद्या बाई हव्यातच इथे."

बाई आल्या. सगळ्या शाळेतून नेमक्या लसाविबाई. गणिताच्या. हातात न तपासलेले पेपर.

"पण मोठ्या बाई, माझा तास आहे आत्ता. हिच्याच वर्गावर."

"वर्ग मोकळा सोडायचा नाही."

"मग?"

"मग काय, वर्ग इकडे आणा. गप्प बसतील."

पाच मिनिटांत एकेचाळीस मुलं गाद्यांवर मांडी घालून बसली. कुणाच्या डोक्याला जाळं लागलं, कुणी डंबेलवर टेकलं. मोठ्या बाईंनी दारावर स्वतःच्या हाताने कागद चिकटवला : 'गोपनीय. आत येऊ नये.' आत यायला तसंही कुणी उरलं नव्हतं.

कॅमेऱ्यात फक्त टकळीचं तोंड दिसत होतं. ताईने मायेने विचारलं, "खोलीत तू एकटीच आहेस ना गं?"

लसाविबाईंनी ओठांवर बोट ठेवायच्या आत सवयीने सगळ्या वर्गाचा सूर लागला, "हो ताईऽऽ!"

"आवाज घुमतोय का तिकडे?"

"रिकामी खोली ना, म्हणून," शिट्टीसर चेंडूमागून म्हणाले.

ताईला तो टकळीचाच बसलेला आवाज वाटला असावा. ती घाईने म्हणाली, "बरं, डोळे मीट. खोल श्वास घे... आता सोड."

बेचाळीस जणांनी सोडला. भिंतीवरचं वेळापत्रक फडफडलं.

"वारा सुटलाय वाटतं! आता जे भीतीदायक वाटतं, ते अगदी समोर बसलंय अशी कल्पना कर."

टकळीने डोळे उघडले. कल्पनेची गरजच नव्हती. समोर उंच स्टुलावर लसाविबाई पेपर तपासत होत्या आणि सगळ्यात वरचा पेपर तिचाच होता, कोराकरकरीत.

"सांग ना राजा, काय होतं?"

सगळा वर्ग कान टवकारून बसला होता. बाईंचं लाल पेन थांबलं होतं.

"काही नाही ताई," टकळी म्हणाली.

"बघा!" लसाविबाई म्हणाल्या. "काही झालेलंच नाही हिला. नुसती थेरं."

वेळ संपली. पडदा काळा झाला. शिट्टीसरांनी शिट्टी वाजवली, वर्ग रांगेने बाहेर पडला. मोठ्या बाईंनी अहवालात लिहिलं : एका सत्रात बेचाळीस विद्यार्थ्यांना लाभ. वरून शाबासकी आली, आणि पुढच्या बुधवारी दुसरा वर्ग घ्या असा आदेशही. टकळीचा नंबर संपला होता. तिचं तर झालं होतं ना!

सोमवारी गणिताची चाचणी होती. पेपर हातात आला आणि बोटं पुन्हा लाकडाची झाली. टकळी अर्धा तास बघत बसली. मग तिने पेन मुठीत धरलं, आणि पहिल्या प्रश्नाखाली वेड्यावाकड्या अक्षरांत तेच वाक्य उतरवलं. आरशापुढे म्हणायची ते, जसंच्या तसं. लिहून झाल्यावर तिला तीन महिन्यांत पहिल्यांदा हलकं वाटलं. निदान बाई वाचतील. वाचावंच लागेल, कामच आहे त्यांचं.

गुरुवारी पेपर मिळाला. बाईंनी खरंच वाचलं होतं. वाक्याखाली लाल रेघ होती, समासात शून्य, आणि शेजारी सुबक अक्षरात शेरा :

'नुसतं उत्तर लिहू नये. पायऱ्या दाखव.'