दस्तगीरचाचांचे दगडकिडे

दस्तगीरचाचा पटवेगारांनी मला फसवलं. सायकलवरून गळ आणि दोरी विकत मी कोल्हापुरात स्वतःचं दुकान उभं केलं, भल्याभल्यांना भावात नमवलं. आणि मला गंडवलं ते पायाच्या अंगठ्यानं काम करणाऱ्या माणसानं.

अंगठ्याचं आधी सांगतो. पटवेगार म्हणजे साज, ठुशी, मोहनमाळ रेशमात ओवून देणारा कारागीर. दोऱ्याचं एक टोक अंगठ्याला बांधायचं, पाय ताणायचा आणि दोन्ही हातांनी रेशीम वळत जायचं. त्या अंगठ्याला चाचा 'आमचा कामगार' म्हणतात. त्याला रोज खोबरेल चोळतात. लेकीच्या लग्नात व्याह्यांनी बूट दिले, तर म्हणाले, "कामगाराला कोंडून ठिऊ व्हय?" आणि अनवाणीच जेवायला बसले.

मागच्या पावसाळ्यात दिल्लीच्या एका निर्यातदाराचा मला फोन आला. थंड देशात ट्राउट नावाचा मासा असतो. हिवाळ्यात तो तळाशी पडून राहतो आणि दगडाला चिकटलेले किडे खातो. तसले किडे रेशीम, तार आणि पिसं गुंडाळून गळावर बांधायचे होते. पसंत पडले, तर दर हिवाळ्याचं काम माझं. जाळी-गळांच्या धंद्यात एवढी मोठी उडी मी कधी मारली नव्हती. मी फोटो घेऊन थेट गुजरीमागच्या बोळात चाचांकडे गेलो.

चाचांनी फोटो उलटा केला, सुलटा केला. "शेठ, किडा लंगडा हाय."

"काय?"

"पाय पाचच हायत. सहावा कुठाय?"

"पलीकडच्या बाजूला असेल की!"

"असंल म्हणून चालत न्हाय. बघाय पायजे. एकदा बघितलं की झालं."

हे त्यांचं पालुपद. आणि ते खरंही आहे. कुणाचाही तुटका साज एकदा बघतात आणि तसाच ओवून देतात. मी अडवून बघितलं, ओरडून बघितलं. दुसऱ्या दिवशी चाचा एसटीनं चंदगडला गेले, ओढ्यात उतरले, दगड उलटे केले आणि संध्याकाळी डब्यातून सात जिवंत किडे घेऊन आले. पाय सहा, शेपट्या दोन. ते किडे समोर ठेवून त्यांनी बारा नमुने बांधले. अंगठ्यात चिमटा धरलेला, चिमट्यात गळ. सगळं झालं की शेवटची गाठ मात्र शेजारी बसलेल्या खैरूनचाचींनी मारायची. त्या घरात चाळीस वर्षं हीच रीत. साज असो की किडा, गुंडाळणार चाचा, बंद करणार चाची.

नमुने दिल्लीला पास झाले. मी पेढे वाटले.

मोठ्या मालासाठी ताजे किडे आणायला चाचा पुन्हा चंदगडला गेले. या वेळी नेला तो डबा चाचींच्या माहेरचा, पितळेचा. परत आल्यावर चाचींनी नारळाच्या वड्या भरायला झाकण उघडलं आणि आतून काहीतरी मनगटावर चढलं. बोळातल्या सगळ्यांनी ती किंकाळी ऐकली.

"माझ्या अम्मीच्या डब्यात किडं?"

"किडं न्हायत, गिऱ्हाईक हायत," चाचा म्हणाले.

तासाभरात चाची लेकीकडे हातकणंगल्याला निघून गेल्या.

मी हसलो. दोन दिवसांत येतील म्हटलं. महिना झाला. चाचा काम करत होते, माल वेळेवर आला, मी दिल्लीला पाठवला. आठवड्यानं पार्सल परत आलं, आणि फोनवर तो निर्यातदार म्हणाला, "भाईसाहब, आपका कीड़ा पानी में जाते ही कपड़े उतारता है."

मी पेल्यात एक किडा टाकला. आधी पाय गेले, मग शेपट्या, मग रेशीम. उरला नुसता गळ. शेवटी गाठच नव्हती! डिंकाचा एक थेंब होता.

मी बोळात शिरलो तो ओरडतच. "चाचा, हे काय हाय?"

"गाठ हिची असती की, शेठ. मला कुठं येती?"

"मग सांगायचं न्हाय? माझं नाव गेलं दिल्लीत!"

चाचा अंगठा चोळत राहिले.

मी निर्यातदाराकडून पंधरा दिवसांची मुदत मिळवली. मग गाठीसाठी चाचींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "शिकायची असली तर म्हणावं हितं ये. आणि डबा घासून आण." चाचा तो फोन ऐकत होते. त्यांनी चिमटा, रेशीम आणि गळ पिशवीत भरले, डबा चिंचेनं लख्ख घासला आणि मी सोडायला निघायच्या आधीच स्टँडवर पोहोचले. संध्याकाळपर्यंत चाचींना घेऊन येतो म्हणाले.

त्याला आज नऊ दिवस झाले. सकाळी मीच हातकणंगल्याला गेलो. चाचा लेकीच्या ओसरीवर पाय ताणून बसले होते, पाठ माझ्याकडे. चाची आत चहा टाकत होत्या. मी हाक मारणार, तेवढ्यात चाचांनी एक किडा पुरा केला, दोरा दोन बोटांवर घेतला, चार वेढे दिले आणि ओढला. गाठ बसली. अशी की नख लागणार नाही. त्यांनी एकदा आत बघितलं. मग सुईच्या टोकानं ती गाठ सावकाश सोडवली.

चाची कप घेऊन बाहेर आल्या. "आजून न्हाय जमली?"

"न्हाय की गं. ये, परत दाव."

चाची हसत शेजारी बसल्या. मला चहा मिळाला, माल नाही.

चाचा, लेकीच्या घरी मी हे बोललो नाही, म्हणून इथं छापून विचारतोय. महिनाभर तुम्ही माझ्या किड्यांना डिंक लावलात. ती गाठ तुम्हाला तेव्हाही येत होती की नाही? येत होती, तर एकदाही का मारली नाहीत? जाब द्या. चाचींच्या देखत नको, दुकानात येऊन द्या, पण द्या.