आडव्या टाकीची चौथी खूण

फ्लोराबाईंचं म्हणणं एवढंच होतं, की घरात उद्या मलिद्याचा विधी असताना सुनेनं पोहे निवडावेत, टाकीसमोर कॅल्क्युलेटर घेऊन बसू नये.

मुलगा नथानियल डोलवीच्या कंपनीत कायम झाला, म्हणून एलियाहू हन्नबीचा, बेने इस्रायलींच्या प्रेषिताचा, नवस फेडायचा होता. पन्नास पाहुणे यायचे होते. जिते गावच्या विहिरीनं मे महिन्यात तळ दाखवलेला. पाणी काय ते अंगणातल्या जुन्या टँकरच्या आडव्या टाकीत, तेही निम्मं. त्यातलं निम्मं शेजारच्या हाजराला कबूल केलेलं. तिच्या शाझियाची हळद होती.

फ्लोराबाईंनी काठीला वरून खाली सारख्या चार खुणा केल्या होत्या; निम्म्यातलं निम्मं काढलं, की पाणी चौथ्या खुणेवर यायला हवं.

"आई, गोल टाकीला सारख्या खुणा चालत नाय," तामार म्हणाली. "पोटाशी पाणी जास्त, तळाशी कमी. चौथा भाग ह्या खुणेच्या वर येतो."

"किती वर?"

"तेच काढतेय. कोन आणि त्याचा साइन एकाच समीकरणात अडकलेत. सरळ सुटत नाय. अंदाजानं आकडा घालायचा. जास्त झाला तर उतरवायचा, कमी झाला तर चढवायचा."

"म्हंजे रोह्याला बी.एस्सी. होऊन अंदाजच!"

"पण दर बारीला चूक लहान होते."

"माझी होतच नाय."

तामारनं आणखी थोडी बटणं दाबली आणि खुणेच्या चार बोटं वर खडूनं रेघ मारली. फ्लोराबाईंनी ती पदरानं पुसली आणि हाजराच्या माणसांना ठणकावलं, "काठीची चौथी खूण येईस्तो काढा. आमच्या घरात दिला शब्द मोडत नाय."

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली, गोड पोहे आणि फळं वाटली, पाहुण्यांची जेवणं झाली. निम्म्यांचे हात धुवायचे राहिले होते, तोच टाकीचा नळ खोकला आणि गप्प झाला. नथानियलचा साहेब रश्शाचा हात हवेत धरून उभा. सॉलोमन भावजी म्हणाले, "वैनी, पाणी?"

"आणते," म्हणून फ्लोराबाई कळशी घेऊन हाजराच्या दारात गेल्या. दिलेलं मागायची वेळ आयुष्यात पहिलीच. कळशी पदराआड घेऊन त्या उंबऱ्याशीच थांबल्या.

"या फ्लोराबाय," हाजराच म्हणाली. "पिंप कधीचं भरून ठेवलंय."

"कसलं पिंप?"

"तुमचंच. तामार सांगून गेली, आईच्या खुणेपर्यंत काढा, नायतर त्या चिडतील. पण त्यात आमचं एक पिंप जादा येतंय, त्याला हात लावू नका, असंही तीच म्हणाली."

पिंप आलं. हात धुतले गेले, सरबत झालं, साहेबांनी दोनदा मागून घेतलं. फ्लोराबाईंनी एलियाहू हन्नबीचे मनापासून आभार मानले. मग स्वयंपाकघरात गेल्या. तामार भांडी विसळत होती, तेही जपून. त्यांनी तिच्यासमोर मलिद्याची ताटली ठेवली, त्यातला सगळ्यात मोठा खजूर तिच्या बाजूला सरकवला.

"सासूला न विचारता शेजारणीशी पाण्याचा कारभार केलास. हे काय बरं नाय केलंस गो," त्या म्हणाल्या. "पुढल्या बारीला पण असंच कर."